कुत्र्यांसाठी जागा मागायचीय, पण कुणाकडे आणि कशी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की आमच्या प्रभागातल्या बागेच्या मागच्या कोपऱ्यात आता रोज सकाळी दीड तास कुत्र्यांना मोकळं सोडता येतं, आणि त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. रागावून लिहिलेलं एक पत्रही मुद्दाम घेतलंय कारण ते मला महत्त्वाचं वाटतं.

ताई, माझी दोन वर्षांची लॅब्रॅडॉर आहे, बिट्टी. घर वन बीएचके. सोसायटीच्या लॉनवर नेऊ देत नाहीत, महापालिकेच्या बागेच्या गेटवर "कुत्र्यांना प्रवेश नाही" असा बोर्ड, आणि रस्त्यावर फिरवायचं तर टू-व्हीलर अंगावर येतात. आमच्या भागात डॉग पार्क, म्हणजे कुत्र्यांना मोकळं सोडता येईल अशी कुंपणातली जागा, व्हावा असं आम्हा चार-पाच जणांना मनापासून वाटतं. अर्ज लिहायला घेऊ का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

अर्जाची घाई नको. आम्ही तीच घाई केली होती. आम्ही कुत्रेवाले अकरा जण एका रविवारी जमलो, अर्ज लिहिला, दीडशेच्या आसपास सह्या गोळा केल्या, सगळ्या कुत्रा पाळणाऱ्यांच्याच, आणि महापालिकेत दिला नेऊन. चार महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं की बाग नागरिकांसाठी असल्याने मागणी मान्य करता येत नाही. तेव्हा फार राग आला, आम्ही काय नागरिक नाही का. पण नंतर लक्षात आलं की त्या टेबलावर बागेतल्या कुत्र्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षं येतायत आणि आमच्या कागदावर कुत्रा नसलेलं एकसुद्धा माणूस आमच्या बाजूने बोलत नव्हतं.

म्हणून तुम्ही आधी पंधरा दिवस नुसतं बघा. जवळच्या बागा आणि मोकळ्या जागा कोणत्या, सकाळी सहा ते आठ तिथे कोण असतं, कुठला कोपरा रिकामा पडलेला असतो. बहुतेक बागांना अशी एक मागची बाजू असते जिथे पालापाचोळा, तुटके बाक आणि जुने पाइप टाकलेले असतात आणि माणसं फिरकत नाहीत, ती जागा तुमची. मग विकास आराखड्यात म्हणजे डीपीत त्या जागेवर काय आरक्षण आहे ते बघून घ्या. बागेचं आरक्षण असेल तर बागेतलाच एक कोपरा कुंपण घालून मागता येतो, बाग बागच राहते. पण आरक्षण वेगळं असेल आणि ते बदलायचं म्हटलं तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ ची वाट धरावी लागते, हरकती-सूचना, सरकारची मंजुरी, त्यात वर्षं जातात. आणि क्रीडांगणाच्या वाटेला जाऊच नका, मुलांच्या खेळाच्या जागेतली एक फूट जरी मागितली तरी तुमचं काम तिथेच संपलं, आणि संपायलाच हवं असं माझं मत आहे.

त्यानंतर माणसं. तिथे रोज चालायला येणारे आजी-आजोबा, हास्यक्लबवाले, बागेचे माळीदादा, गेटवरचे वॉचमन, बाहेर ज्यूस विकणारे, या सगळ्यांशी बिट्टीला घरी ठेवून बोला. त्यांना कुत्र्यांचा काय त्रास होतो ते ऐका आणि वहीत लिहून घ्या, तिथल्या तिथे उत्तर द्यायला जाऊ नका. आमच्याकडे एक काकू होत्या, लहानपणी कुत्रा चावलेला, चौदा इंजेक्शनं पोटात घेतलेली त्या काळात, त्या म्हणाल्या मला तुमची कुत्री दिसायला नकोत एवढंच, कुंपण असेल तर माझी काही हरकत नाही. आमच्या दुसऱ्या अर्जावर त्यांची सही पहिली होती. दुसऱ्या अर्जावर सह्या जेमतेम साठ होत्या पण निम्म्याहून जास्त लोकांकडे कुत्रा नव्हता, आणि यावेळी साहेबांनी आम्हाला बोलावून घेतलं.

आणि मागणी काय करायची तर पार्क नका मागू. वेळ मागा. "बागेच्या अमुक कोपऱ्यात सकाळी ६ ते ७.३० या वेळेत, प्रायोगिक तत्त्वावर, तीन महिन्यांसाठी" असं लिहा. प्रायोगिक तत्त्वावर हे शब्द फार कामाचे आहेत, त्यामुळे अधिकाऱ्याला कायमचा निर्णय घेतल्याचं ओझं वाटत नाही. सोबत तुम्ही काय करणार तेही लिहा: साफसफाई कोण करणार, कुठल्या दिवशी कोण हजर असणार, कुत्र्यांचा महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीची नोंद कोण तपासणार. अर्ज उद्यान विभागाला, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला आणि नगरसेवकांना. प्रत्येक ठिकाणी आवक नंबर आणि शिक्का मारलेली पोच घ्या, ती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, पोचेशिवाय तुमचा अर्ज अस्तित्वातच नसतो.

तुम्ही पुण्यात आहात म्हणून अजून एक. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे, त्यात आपण आपल्या प्रभागातलं छोटं काम सुचवू शकतो. कुंपण, फाटक, नळ, दोन बाक हे सगळं त्यात बसण्यासारखं काम आहे. फॉर्म पुढच्या वर्षाच्या बजेटसाठी पावसाळ्याच्या सुमारास घेतात, तेव्हा उन्हाळ्यातच कागद तयार ठेवा.

आम्ही सगळं नीट केलं. सह्या घेतल्या, जागा दाखवली, पोच घेतली. आता सात महिने झाले, चार वेळा गेलो, दरवेळी "फाईल वर गेलीय" एवढंच ऐकतोय. लोक आता ग्रूपवर गुड मॉर्निंगशिवाय काही टाकत नाहीत. काय करू?
– एक वाचक, ठाणे

फाईल वर गेलीय म्हणजे कुठे गेलीय हे लेखी विचारा. माहितीचा अधिकार आहेच, २००५ चा कायदा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा असा नियम आहे, त्यामुळे तक्रारीचा पाढा वाचू नका, तीनच गोष्टी विचारा. माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, फाईल आज कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, आणि त्यावरच्या टिपण्यांची प्रत द्या. ती टिपणी हातात आली की कळतं अडलंय कुठे. आमच्या फाईलवर एका ओळीत लिहिलं होतं, "पशुवैद्यकीय विभागाचा अभिप्राय घ्यावा", आणि तो अभिप्राय कुणी मागितलाच नव्हता. आम्ही स्वतः त्या विभागात जाऊन डॉक्टरांना भेटलो, त्यांनी आठ दिवसांत चार ओळी लिहून दिल्या. पाच महिने फाईल त्या चार ओळींसाठी थांबलेली!

उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, तोही तुमचा हक्क आहे, संकोच करू नका. महापालिकेत लोकशाही दिनही असतो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, पण त्यासाठी पंधरा दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यावा लागतो, ऐनवेळी जाऊन उपयोग नाही. आणि नगरसेवकांना भेटा. २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकांवर प्रशासकच होते, कुणाकडे जायचं हाच प्रश्न होता, आता जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर तुमच्या प्रभागात निवडून आलेली माणसं आहेत. भेटायला जाताना वीस जण जाऊ नका, तिघं जा, त्यातला एक तरी कुत्रा नसलेला असू द्या, आणि एका पानाचा कागद द्या, एकाच पानाचा. बजेट १ एप्रिलपासून लागू होतं आणि त्याची तयारी आधीच्या हिवाळ्यात सुरू झालेली असते, त्यामुळे मार्चमध्ये जाऊन पैसे मागणं म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणं.

ग्रूपचं म्हणाल तर, लोकांना दर आठवड्याला काहीतरी करायला दिलं नाही तर लोक गळणारच, त्यात त्यांचा दोष नाही. आम्ही दर रविवारी सकाळी त्या कोपऱ्याची सफाई करायला लागलो, परवानगी यायच्या आधीपासून, माळीदादांना विचारून. पालापाचोळा गोळा केला, काचा वेचल्या. परवानगी येईपर्यंत लोक त्या जागेला "कुत्रेवाल्यांचा कोपरा" म्हणायला लागले होते.

एक मनातलं सांगते. हे सगळं मी आमच्या राणीसाठी सुरू केलं होतं. परवानगी आली त्याच्या आठ महिने आधी ती गेली. पहिल्या दिवशी मी तिचा पट्टा खिशात ठेवून गेले होते, आणि शेजारच्यांचा पग पहिल्यांदाच साखळी सोडून गवतात गोल गोल पळत होता ते बघत बसले. सात महिने फार वाटतात हे मला माहितीय. तरी थांबू नका.

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मी ७१ वर्षांचा आहे. माणसांना चालायला फुटपाथ नाही, मुलांना मैदान नाही, आणि तुम्ही कुत्र्यांना पार्क मागता? ही परदेशी फॅडं आहेत. आमच्या बागेत सकाळी कुत्र्यांची घाण चुकवत चालावं लागतं. मालक फोनवर, कुत्रा मोकळा. गेल्या वर्षी एक कुत्रा अंगावर आला, मी पडलो, मनगट मोडलं.
– एक वाचक, दादर, मुंबई

काका, राग अजिबात नाही. तुमचं मनगट मोडलं ही गोष्ट कुठल्याही युक्तिवादाने झाकली जाणार नाही. ज्याचा कुत्रा होता त्याने तुमच्या घरी येऊन माफी मागायला हवी होती आणि दवाखान्याचा खर्च द्यायला हवा होता. बागेत मोकळा कुत्रा आणि मालक फोनवर हे चित्र मीही रोज बघते आणि मला त्याची लाज वाटते, कारण त्या एका माणसामुळे उरलेल्या पन्नास जणांना दार बंद होतं.

पण मी हे सगळं ज्यासाठी मागतेय ते तुमच्यासाठीही आहे असं मला खरंच वाटतं. आज तुमच्या भागात जेवढी पाळीव कुत्री आहेत ती उद्याही असणार, बोर्ड लावून ती कमी होत नाहीत. त्यांना दिवसातून दोनदा बाहेर न्यावंच लागतं, आणि वेगळी जागा नसेल तर ती तुमच्याच वाटेवर, तुमच्याच फुटपाथवर येतात. ज्या कुत्र्याला आठवड्यात एकदाही मोकळं पळायला मिळत नाही तो साखळीला ओढतो, उड्या मारतो, दिसेल त्याच्यावर भुंकतो. कुंपणाच्या आत तासभर दमलेला कुत्रा घरी जाऊन झोपतो. म्हणजे कुंपण जितकं कुत्र्यांसाठी आहे तितकंच ते कुंपणाबाहेर चालणाऱ्या तुमच्यासाठी आहे.

मुलांच्या मैदानाबद्दल मी वर लिहिलंच आहे, ते मागायचं नाही म्हणजे नाही. फुटपाथबद्दल तुम्ही अर्ज करा, मला कळवा, मी सही करते.

परदेशी फॅड म्हणाल तर मात्र थोडं थांबते. कुत्र्यांसाठी लोकांनी सरकारशी भांडायची गोष्ट तुमच्याच मुंबईत जवळपास दोनशे वर्षं जुनी आहे. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली, मारलेल्या कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे, तेव्हा फोर्टातले पारशी रस्त्यावर आले, बाजार बंद केले, गोऱ्या पलटणीचं पाव-पाणी अडवलं. दंगल झाली, धरपकड झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभॉय आणि अमिचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ, म्हणजे बेवारस प्राण्यांचा आसरा, उभा राहिला. आणि त्याच्याही मागे जायचं तर नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलीय, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. दत्ताच्या फोटोत पायाशी कोण असतं ते सांगायलाच नको.

घाणीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. कुत्र्याच्या शीमध्ये जंत असतात, ते मातीत राहतात आणि मातीत खेळणाऱ्या लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात. त्यामुळे शी उचलणं हा दंड करण्याइतका गंभीर विषय आहे. तुमच्या बागेतल्या कुत्रेवाल्यांनी वेळ मागायला अर्ज केला तर तुम्ही सही करायच्या आधी अट घाला की सफाई दिसल्याशिवाय मी सही करणार नाही. तुमच्यासारख्या एका माणसाची अट आमच्या दहा बोर्डांपेक्षा जास्त काम करते, खरं सांगते.

आमच्या सोसायटीने सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला की पाळीव प्राण्यांना सोसायटीच्या बागेत आणि लिफ्टमध्ये बंदी. बहुमताने झालंय म्हणजे आता काही करता येणार नाही का?
– एक वाचक, नवी मुंबई

येतं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ ला सोसायट्यांसाठी एक परिपत्रक काढलं होतं, त्यात सांगितलंय की बहुमताने ठराव करूनसुद्धा कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. बागेबद्दल तर फार समजूतदारपणे लिहिलंय, की सरसकट बंदी घालण्यापेक्षा वेळा ठरवून द्या, कारण व्यायाम मिळालेला प्राणी कमी त्रास देतो. ते सल्ला म्हणून आहे, त्यामुळे ते कमिटीच्या तोंडावर फेकू नका. पुढच्या सभेत वेळेचा प्रस्ताव ठेवा, सकाळी ६ ते ७ आणि रात्री ९.३० नंतर, पट्टा लावूनच, शी ज्याची त्याने उचलायची, लॉनच्या एकाच बाजूला. तीन महिन्यांनी आढावा. लहान मुलं असलेल्या आणि घाबरणाऱ्या घरांना आधी जाऊन भेटा, सभेत पहिल्यांदा ऐकवू नका. कोर्टात जायचा रस्ता आहेच पण ज्यांच्यासोबत लिफ्टमध्ये रोज उभं राहायचं त्यांच्याशी खटला हा मला शेवटचा उपाय वाटतो.

माझ्याकडे एक कारवानी आहे आणि एक रस्त्यावरून उचललेली गावठी. मला भीती वाटते की डॉग पार्क झाला तर तो हस्की आणि गोल्डनवाल्यांचा क्लब होईल. आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय? त्यांना कुणी आत घेणार का?
– एक वाचक, कोल्हापूर

तुमचा कारवानी तर पार्काचा खरा हक्कदार! ती ससे धरायला पळणारी जात, माळरानावर वाढलेली, तिला शहरात साखळीवर चालवणं म्हणजे घोड्याला अंगणात बांधणं. आणि पाठलागाची ओढ इतकी की एकदा काही पळताना दिसलं की हाक ऐकूच येत नाही, त्यामुळे तिला उघड्या मैदानात सोडणं धोक्याचं. चांगलं उंच कुंपण सगळ्यात जास्त कुणाला लागत असेल तर या कुत्र्यांना. हे तुमच्या अर्जात लिहा, आपल्याच मातीतली जात आहे, वाचणाऱ्याला पटेल.

क्लब होण्याची भीती खरी आहे. म्हणून पहिल्याच नियमांत लिहून घ्या की प्रवेशाची अट परवाना आणि लस एवढीच, जात नाही. आणि प्रवेश फी नको. फी लागली की हळूहळू गेटवर कुणाला आत घ्यायचं हे कपडे बघून ठरायला लागतं. आमच्याकडे पेपर टाकणारा एक मुलगा त्याची गावठी काळू घेऊन येतो आणि सगळ्यात शिस्तीची तीच आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विषय मात्र पार्काच्या अर्जात घालू नका, माझी कळकळीची विनंती. मला त्यांची पर्वा नाही म्हणून नाही. त्यांच्यासाठी २०२३ चे जन्मनियंत्रण नियम आहेत, निर्बीजीकरण, लस, खाऊ घालायच्या ठरलेल्या जागा, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०२५ मधल्या आदेशांनंतर तो विषय इतका तापलाय की दोन्ही एका कागदावर आले की दोन्ही बुडतात. वेगळा अर्ज करा, वेगळ्या विभागाला. एक गोष्ट मात्र लगेच करता येईल, बागेच्या आसपासच्या आठ-दहा भटक्यांचं लसीकरण तुमच्या ग्रूपने पशुवैद्यकीय विभागाला सांगून करून घ्यायचं. त्याने पार्कातली कुत्रीही सुरक्षित आणि चालणारी माणसंही.

आमच्याकडे मंजुरी मिळाली! आता अभियंते विचारतायत काय काय हवं. त्यांच्या नकाशात कुत्र्याचा मोठा पुतळा, कारंजं, रंगीत टाइल्स आणि उड्या मारायच्या रिंगा आहेत. आम्ही काय सांगू?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

अभिनंदन, मनापासून! आणि पुतळा काढायला सांगा.

सगळ्यात आधी दोन फाटकं. एक उघडून आत यायचं, मधे छोटी चौकोनी जागा, पहिलं बंद केल्यावरच दुसरं उघडायचं. ही एक गोष्ट नसेल तर बाकी सगळं फुकट, कारण कुत्रा पळून जातो तो फाटकातूनच आणि बाहेर रस्ता असतो. मग कुंपण. अमेरिकन केनेल क्लब एक एकर किंवा जास्त जागा आणि चार ते सहा फूट उंच जाळीचं कुंपण सुचवतो, आपल्याकडे एक एकर म्हणजे ४० गुंठे कोण देणार, पण उंचीत तडजोड करू नका, सहाच फूट घ्या. जाळी खाली जमिनीत वीतभर तरी पुरा, नाहीतर टेरियर जातीची कुत्री उकरून बाहेर. छोट्या आणि मोठ्या कुत्र्यांना वेगळे भाग हवेत. जागा अगदीच कमी असेल तर वेळ वाटून घ्या पण पॉमेरियन आणि रॉटवायलर एकत्र नको.

जमीन. इथे सगळे चुकतात. तुमच्याकडे काळी माती असेल तर लॉन लावलेलं दोन महिन्यांत उखडतं आणि पावसात नुसता चिखल. मुरूम टाकून दाबून घ्या, उतार द्या, पाणी बाहेर काढायला गटार, आणि एका बाजूला थोडं गवत. पाणी साचता कामा नये हे चार वेळा सांगा, लेखी सांगा, कारण उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो हा आजार साचलेल्या पाण्यातून येतो, कुत्र्यांना आणि माणसांना दोघांनाही. कुत्र्यांच्या सेव्हन-इन-वन लसीत लेप्टो असतो पण तेवढ्यावर विसंबू नका. गवत वाढलं की गोचीड, गोचिडांमुळे ताप, म्हणून गवत नियमित कापायचं काम ठेक्यातच लिहून घ्या.

टाइल्स नकोत, एप्रिलमध्ये पंजे भाजतात. लोखंडी रिंगांचंही तेच. त्या पैशांत सावली करा, झाडं लावा, कडुलिंब, करंज. आणि कण्हेर नको! महापालिकेच्या नर्सरीत कण्हेर कायम असते म्हणून सगळीकडे तीच लावतात, पांढरी असो की पिवळी, दोन्ही विषारी आहेत, पानं चघळली तरी कुत्रा दगावू शकतो. कारंज्याऐवजी खाली एक नळ, कायम भरून ठेवायचं सामायिक भांडं नको, ज्याचं त्याने आणावं. झाकणाचे डबे दोन, आणि ते कोण रिकामे करणार त्याचं नाव ठरलेलं. माणसांसाठी बाक सावलीत पण कुंपणाच्या आत, म्हणजे मालक कुत्र्याजवळ राहतात.

मंजुरी मिळाली म्हणून हात झटकू नका, देखभालीची तरतूद किती वर्षांची आहे ते आत्ताच विचारा. उद्घाटनाच्या फितीसाठी पैसे असतात, तिसऱ्या वर्षीच्या कुंपणासाठी नसतात. बघून यायचं असेल तर हैदराबादला कोंडापूरमध्ये तिथल्या महापालिकेने २०१८ मध्ये १.३ एकरांत डॉग पार्क केलाय, आधी ती कचरा टाकायची जागा होती. मुंबईत वांद्र्याला कार्टर रोडवरही कुत्र्यांसाठी वेगळी जागा आहे. अभियंत्यांना सोबत घेऊन गेलात तर अजून उत्तम.

मी कॅलिफोर्नियात राहते, इथे घराजवळ दोन डॉग पार्क आहेत. आई-बाबा पुण्यात आहेत, त्यांच्याकडे आमचा जुना स्पिट्झ. त्यांच्यासाठी तिकडे काही करावंसं वाटतं पण आपल्याकडे हे होणं शक्य आहे का, असं सारखं वाटतं.
– एक वाचक, फ्रीमाँट

तुमच्यापासून जवळच बर्कलीत ओलोनी पार्क आहे, जमलं तर एकदा जाऊन या. जगातला पहिला डॉग पार्क त्याला मानतात. तो कुठल्या श्रीमंत योजनेतून आलेला नाही, भुयारी रेल्वेच्या कामासाठी घरं पाडून मोकळी झालेली जमीन होती, तिचा एक भाग १९७९ मध्ये कुत्र्यांसाठी प्रायोगिक म्हणून दिला, आजूबाजूच्या लोकांनीच संघटना करून तो सांभाळला, नियम केले, साफ ठेवला, आणि मग १९८३ मध्ये शहराने त्याला रीतसर मान्यता दिली. म्हणजे तिकडेही आधी तात्पुरता कोपरा आणि चार वर्षं लोकांची मेहनत. तुम्हाला मदत करायचीच असेल तर तिथल्या पार्काच्या गेटवरच्या नियमांच्या पाटीचे फोटो काढा, मराठीत करून आई-बाबांना पाठवा, त्यांच्या सोसायटीत ते दाखवतील. पैसे पाठवायची घाई करू नका, बाहेरून पैसे आले की लोक आपली बाग म्हणून झाडू हातात घेत नाहीत.

मी नववीत आहे. आमच्याकडे शेरू आहे. मोठी माणसं म्हणतात तू अभ्यास कर, अर्जबिर्ज आम्ही बघू, पण कुणी बघत नाही. मी काय करू शकतो?
– एक वाचक, नाशिक

तू ते काम कर जे मोठ्यांना करायला वेळ नसतो. मोजणी. एक वही घे, सात दिवस सकाळी ६ ते ७ बागेबाहेर बस, शाळेच्या आधी, बाबांना किंवा आईला सांगून. चार रकाने कर: किती माणसं चालायला आली, किती कुत्री आली, त्यातली किती साखळीवर होती, आणि किती मालकांनी शी उचलली. उचलली नाही तर कुणाशी भांडायचं नाही, फक्त आकडा लिहायचा. आठव्या दिवशी बेरीज कर आणि स्वच्छ अक्षरात एका कागदावर लिही, खाली तुझी इयत्ता. असे आकडे कुठल्याच कार्यालयाकडे नसतात, मी शोधलेत. तो कागद तुझ्या आईच्या हातात दे आणि सांग की अर्जाला हा जोडा. आणि शेरूला रेबीजची लस यावर्षी दिली का ते आधी त्याच्या पुस्तिकेत बघ, तारीख उलटून गेली असेल तर मोजणी नंतर, आधी दवाखाना.

सात दिवसांच्या पानांचा फोटो मला पाठव, पुढच्या अंकात छापेन.